खाडीकाठी कांदळवनाला लागून १४ गुंठे: घराची परवानगी नेमकी कुठून सुरू करायची?

चौदा_गुंठे

जागा मालवण तालुक्यात, कर्ली खाडीच्या आतल्या बाजूच्या गावात. वाटपात आलेले १४ गुंठे, सातबारा स्वतंत्र. रुंदी सरासरी २० मीटर, लांबी ७० मीटर. पूर्वेला ग्रामपंचायतीचा रस्ता, पश्चिमेला खाडी. पश्चिमेच्या हद्दीबाहेर ३ मीटरवर खारबंधारा (खारं पाणी अडवणारा बांध) आहे, तो आजोबांच्या वेळचा. बंधाऱ्यापलीकडे कांदळ आणि तिवर, म्हणजे खारफुटीची झाडं. झाडीची कड हद्दीपासून टेपने १२ मीटर येते. समुद्र दीड किलोमीटर लांब. गावठाणाची हद्द दीडशे मीटरवर.

जागेत जुन्या घराचं चिऱ्याचं जोतं आहे, रस्त्यापासून ३३ ते ४२ मीटरच्या पट्ट्यात. दोन भिंती उभ्या आहेत. उत्तर हद्दीला, रस्त्यापासून १८ मीटरवर गोड्या पाण्याची विहीर.

बांधायचं आहे ते तळमजला आणि वर दोन खोल्या, एकूण १४० चौ. मी.

१) ठेकेदार म्हणतो, १५० चौ. मी.पर्यंत परवानगीच लागत नाही. बरोबर का?
२) किनारा नियमांप्रमाणे बांधकामासाठी सोडायचं अंतर २०० मीटर धरायचं की ५०?
३) जुन्या जोत्यावर नवीन घर उठवता येईल का?
४) फाइल मुंबईला किनारा प्राधिकरणाकडे जाते का?
५) शोषखड्डा कुठे घ्यावा?

---

साखळी_मोजणी

पहिल्या प्रश्नापासून. तो १५० चौ. मी.चा आकडा एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतला आहे आणि तो भूखंडाचा आकार आहे, बांधकामाचा नव्हे. तुमचा भूखंड १४ गुंठे, म्हणजे सुमारे १४१६ चौ. मी. ती सवलत तुम्हाला लागूच नाही. ठेकेदार लोक ही गल्लत सर्रास करतात, आणि घर उभं राहिल्यावर नोटीस मालकाच्या नावानं येते. भूखंड लहान असता तरी सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आणि कांदळवनाची बंधनं सुटली नसतीच. ती वेगळ्या कायद्याखाली येतात.

आता अंतर. २०० मीटरची ना-विकास पट्टी समुद्राच्या किनाऱ्याला, कमी दाटीच्या ग्रामीण भागासाठी आहे. (जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती आहे तिथे ती ५० मीटर.) खाडीला १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे भरती रेषेपासून (भरतीचं पाणी जिथवर पोहोचतं ती रेषा) ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. कर्लीची रुंदी ५० पेक्षा खूप जास्त आहे, म्हणून तुम्हाला ५०. देवबागसारख्या चिंचोळ्या पट्टीत मात्र समुद्राकडची आणि खाडीकडची अशा दोन्ही रेषा मोजाव्या लागतात.

ते ५० मीटर पाण्यापासून मोजत नाहीत. मोजतात भरती रेषेपासून, आणि ती रेषा मंजूर नकाशावर आखलेली असते. तुमचा खारबंधारा १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीचा असेल तर भरती रेषा बंधाऱ्यापाशी थांबते. मग हिशेब असा:

भरती रेषा (बंधारा) हद्दीपासून ३ मीटरवर. म्हणजे जागेत ४७ मीटर आत ना-विकास. रस्त्याकडून २३ मीटर मोकळे.

कांदळवनाची कड हद्दीपासून १२ मीटरवर. कांदळवनाभोवतीही ५० मीटरचा पट्टा बांधकाममुक्त ठेवावा लागतो, तो जागेत ३८ मीटर आत येतो. रस्त्याकडून ३२ मीटर मोकळे.

यांतली कडक रेषा धरायची, म्हणजे २३ मीटर. तुमचं जोतं ३३ पासून सुरू होतं, ते दोन्ही पट्ट्यांत पूर्ण सापडतं.

खाडीच्या बाजूला सीआरझेड त्या ५० मीटरलाच संपतो, पुढे दुसरा पट्टा नाही. म्हणून रस्त्याकडचे २३ मीटर सीआरझेडच्या बाहेर आहेत. घर तिथे घेतलंत तर सीआरझेडची परवानगीच लागत नाही. लागतो तो घर बाहेर असल्याचा पुरावा.

पुराव्यासाठी नकाशाचं प्रमाण बघा. जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा १:२५,००० वर असतो. तिथे १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. शाईच्या रेषेची जाडीच दहा-बारा मीटर खाते. सर्व्हे नंबर टाकलेला १:४,००० चा गावनकाशा मागा, त्यात १ मिलिमीटरला ४ मीटर पडतात. तुमच्यासारख्या दोन-चार मीटरच्या प्रकरणात प्राधिकृत संस्थेकडून भरती रेषा तुमच्या मोजणी नकाशावर उतरवून घेणं हाच खात्रीचा मार्ग. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि चेन्नईचं शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र हे काम करतात.

---

उघाडी

वरचा हिशेब बरोबर आहे, पण एक गोष्ट विचारायची राहिली. बंधाऱ्याच्या आतल्या बाजूला, तुमच्या किंवा शेजारच्या खाजणात (खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीत) कुठे तिवर उगवलेत का? उघाडीचं (बंधाऱ्यातल्या पाणी सोडण्याच्या मोरीचं) दार शाबूत आहे का?

---

चौदा_गुंठे

दक्षिणेकडे आहे. उघाडीचं दार मोडून बरीच वर्षं झाली, भरतीचं पाणी आत शिरतं. शेजाऱ्याच्या पडीक खाजणात तिवराची झाडी झाली आहे, जेमतेम ३ गुंठे. तिची जवळची कड आमच्या दक्षिण हद्दीपासून २५ मीटर आणि रस्त्यापासून ५८ मीटर. पण ३ गुंठे म्हणजे ३०० चौ. मी., आणि नियम १००० चौ. मी.च्या वरच्या कांदळवनाला आहे असं वाचलंय. जमीनही खाजगी आहे. मग ती धरायची नाही ना?

---

उघाडी

धरायची. इथेच बहुतेकांची फाइल अडकते, म्हणून सविस्तर सांगतो.

१००० चौ. मी.ची अट सीआरझेडमध्ये ५० मीटरच्या संरक्षक पट्ट्यासाठी आहे. पण त्याच २०१९ च्या अधिसूचनेत बंधाऱ्याबद्दल आणखी एक वाक्य आहे. १९९१ पूर्वीच्या बंधाऱ्याला भरती रेषा थांबते खरी, मात्र खारं पाणी आत शिरून बंधाऱ्याच्या किंवा उघाडीच्या आत कांदळवन तयार झालं असेल तर ते क्षेत्र कितीही असो सीआरझेड-१अ मध्ये मोडतं आणि कुठल्याही विकासकामासाठी वळवता येत नाही. म्हणजे ते ३ गुंठे सर्वांत कडक वर्गात गेले.

दुसरं, मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल (जनहित याचिका ८७/२००६). त्यात सरळ म्हटलं आहे की जमीन कुणाच्याही मालकीची असो आणि कितीही क्षेत्राची असो, कांदळवनाच्या सर्व बाजूंनी ५० मीटर बांधकाममुक्त ठेवायचे. तिथे १००० चा उंबरठा नाही आणि खाजगी-सरकारी भेदही नाही. अधिसूचना आणि निकाल यांत जे कडक आहे ते पाळायचं. तहसीलदार, वनखातं आणि किनारा प्राधिकरण हा निकाल समोर ठेवूनच फाइल वाचतात.

तर तिसरी रेषा आली, आणि ती सरळ नाही, कंस आहे. ५० मीटरचा कंपास त्या झाडीच्या जवळच्या टोकावर ठेवून फिरवा. तुमच्या दक्षिण हद्दीवर कंस रस्त्यापासून साधारण १४.७ मीटरवर पडतो. जागेच्या मध्यावर (दक्षिण हद्दीपासून १० मीटर) २२.३ मीटर. त्याच्या उत्तरेला साधारण मीटरभरात कंस २३ च्या रेषेला मिळतो आणि तिथून पुढे पुन्हा बंधाऱ्याची रेषा लागू. थोडक्यात, दक्षिण-पश्चिम कोपरा कापला गेला आणि मोकळा भाग ईशान्येकडे सरकला.

घर उत्तरेला सरकवून घ्या. १० मीटर रुंद आणि ९ मीटर खोल, उत्तर हद्दीपासून दीड मीटर सोडून, रस्त्यापासून ५ ते १४ मीटरच्या पट्ट्यात. घराची दक्षिण भिंत दक्षिण हद्दीपासून ८.५ मीटरवर येते, तिथे कंस २०.९ वर आहे. मागे पावणेसात मीटरहून जास्त सैलसर जागा उरते. इतकी ढील ठेवाच, कारण टेपची मोजणी आणि भूमी अभिलेखची मोजणी यांत दोन-तीन मीटरचा फरक सहज निघतो.

---

जोतेपूजन

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ना-विकास पट्ट्यात सवलत आहे ती अस्तित्वातल्या अधिकृत बांधकामाच्या दुरुस्तीला किंवा पुनर्बांधणीला. तीही तेवढंच चटईक्षेत्र, तेवढंच जोतं, तेवढीच घनता ठेवून. तीन शब्दांवर प्रकरण पडतं.

"अस्तित्वातलं": छप्पर गेलेल्या दोन भिंतींना घर म्हणायचं की नाही, हा वाद आधीच तयार आहे.

"अधिकृत": घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कर आकारणीपुरता असतो. तरीही १९९१ पूर्वीच्या सालांचे उतारे काढून ठेवा. घर तेव्हा होतं एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

"तेवढंच": जोतं ८० चौ. मी.चं असेल आणि तुम्हाला १४० हवं असेल तर वाद पहिल्याच दिवशी सुरू.

त्यावर उच्च न्यायालयाचा ५० मीटरचा आदेश आहेच. माझं स्पष्ट मत: समोर मोकळी जागा असताना जोत्याचा हट्ट धरू नका. पण भिंती पाडूही नका. आधी ग्रामसेवक आणि तलाठी यांच्यासमोर पंचनामा, मापं आणि तारखेसह फोटो. मोजणी नकाशावर जोतं दाखवून घ्या. भिंती पाडून चिरे नव्या घराला वापरले की जुन्या घराचा पुरावा नव्या भिंतीत जातो, आणि पुढे कधी दुरुस्तीचा हक्क मागायचा झाला तर हातात काही उरत नाही.

---

साखळी_मोजणी

@उघाडी, दुरुस्ती मान्य. आतल्या झाडीचं मी विचारायला हवं होतं.

---

कुडाळ_रेखाचित्र

आता कागदांचा क्रम. उलटा क्रम लावला की पैसे दोनदा जातात. लोक आधी आर्किटेक्टकडून सुंदर नकाशा काढून घेतात, मग रेषा कळते आणि घर हलवावं लागतं.

सुरुवात सातबारा, ८-अ आणि शेवटचे फेरफार यांपासून. इतर हक्कांचा रकाना नीट वाचा: कांदळवन, वन, खारभूमी योजना असा शेरा आहे का. पोटखराब (लागवडीलायक नसलेलं) क्षेत्र किती लिहिलंय तेही बघा, खाडीकडची पट्टी बऱ्याचदा त्यात असते.

त्यासोबत ओरोसच्या नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा. प्रादेशिक योजनेत जमीन कुठल्या विभागात दाखवली आहे ते त्यात येतं. जिल्ह्याच्या किनारा आराखड्यात तुमचा सर्व्हे नंबर कुठल्या वर्गात आहे, हे त्याच अर्जात लेखी विचारा. तोंडी उत्तर कुणाचंही घेऊ नका.

मग भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणी. मोजणीच्या दिवशी बंधारा, दोन्ही बाजूंच्या झाडीची कड, विहीर, जोतं आणि रस्त्याची कड नकाशावर घ्यायला लावा. साध्या मोजणीत भूकरमापक फक्त हद्द दाखवतो. वहिवाटीच्या खुणा हव्यात हे अर्जातच लिहावं लागतं.

त्या नकाशाची प्रत लावून वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयाला पत्र: अमुक सर्व्हे नंबरमध्ये आणि लगत कांदळवन आहे का, कड कुठे आहे, संयुक्त पाहणी करून कळवावं. सरकारी जमिनीवरची कांदळवनं बऱ्याच ठिकाणी राखीव वन म्हणून अधिसूचित आहेत. त्यांची हद्द वनखात्याकडेच मिळते.

एवढं हातात आल्यावर आर्किटेक्ट. स्थलदर्शक नकाशावर तिन्ही रेषा वेगवेगळ्या रंगांत, प्रत्येक रेषेपासून घराच्या जवळच्या कोपऱ्याचं अंतर आकड्यात लिहून. हा एक कागद नीट असेल तर निम्मे शेरे येतच नाहीत.

परवानगी, जागा गावठाणाबाहेर असल्यामुळे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १८ खाली जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या महसूल अधिकाऱ्याची. नगररचनेचा अभिप्राय त्यात मागवला जातो. तुम्ही गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहात, म्हणून अकृषिक वापरासाठी जमीन महसूल संहितेचं कलम ४२-ड बघा. अकृषिक परवानगीची वेगळी फेरी न करता तहसील कार्यालयात आकारणीची रक्कम भरून काम होतं. मात्र प्रादेशिक योजनेतला वापर जुळला पाहिजे.

चौथा प्रश्न: घर तिन्ही रेषांच्या बाहेर असेल तर किनारा प्राधिकरणाकडे जायचं कारण नाही. जे खरोखर सीआरझेडमध्ये, पण ना-विकास पट्ट्याबाहेर आहेत त्यांच्यासाठी: ३०० चौ. मी.पर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊ शकतं, किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. पण अधिसूचना तपासूनच ती द्यायची असते. उंची ९ मीटर, तळ अधिक एक मजला.

काम सुरू झाल्यावर जोत्यापर्यंत आलात की जोते तपासणी करून घ्या. भिंती चढल्यावर घर दोन मीटर मागे सरकलंय हे कळून उपयोग नाही.

---

गोदाकाठ

मधेच विचारतो. आमची जागा निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला. तिथे कांदळवन नाही, सीआरझेडही नाही. मग कुठला नियम?

---

उघाडी

तुमचा रस्ता वेगळा. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. आधी वन्यजीव विभागाकडून गट नंबर अभयारण्याच्या हद्दीत किंवा भोवतालच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे लेखी घ्या. अभयारण्याचं क्षेत्र वन्यजीव कायद्याखाली जातं. देशातल्या इतर अधिसूचित पाणथळींना २०१७ चे पाणथळ नियम आहेत: मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम नाही, बोटीचा धक्का तेवढा अपवाद. रामसर स्थळांनाही ते नियम लागू आहेत. शिवाय बंधाऱ्याच्या बुडितासाठी जमीन संपादित झाली होती का, ते जलसंपदा खात्याकडून तपासा. सातबारा जुनाच राहिलेला असतो. यावर वेगळा धागा काढा, इथे मिसळायला नको.

---

सांडपाणी_१०१

पाचवा प्रश्न. खाडीकाठी शोषखड्डा पावसाळ्यात विहीर होतो. खणायच्या आधी ऑगस्टअखेरीस, उधाणाच्या भरतीच्या दिवशी दोन मीटरचा चाचणी खड्डा घ्या आणि पाणी किती खाली लागतं ते मोजा. भारतीय मानक २४७० प्रमाणे भूजल १.८ मीटरपेक्षा खाली असेल आणि माती पाणी पीत असेल (भिजवलेल्या खड्ड्यात २५ मिलिमीटर पाणी ३० मिनिटांच्या आत उतरतं) तरच शोषखड्डा चालतो. पाणी त्याहून वर असेल तर जमिनीच्या वर उंचवटा करून त्यात पाझरचर (सांडपाणी जिरवणारा लांब चर). काळी चिकण माती लागली तर तोही नको, गाळण टाकी लागते.

जागा: पाझरचर पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर. तुमची विहीर उत्तर हद्दीला रस्त्यापासून १८ मीटरवर, म्हणून चर आग्नेय कोपऱ्यात, दक्षिण हद्दीलगत १ ते २.५ मीटरच्या पट्ट्यात, रस्त्यापासून ३ ते १३ मीटर. विहिरीपासून अठरा सुटतात, घराच्या भिंतीपासून सहा, आणि तिवराचा कंस १४.७ वर असल्याने त्याच्याही बाहेर. शेजाऱ्याची विहीर दक्षिणेला आहे का तेवढं बघा.

सेप्टिक टाकी दहा माणसांना २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद. द्रवाची खोली दोन वर्षांनी उपसायची तर १.४ मीटर, वर ३० सेंटिमीटर रिकामं. बाहेरून १५ सेंटिमीटर भिंतीची आरसीसी टाकी साधारण २.३ × १.२ × १.९ मीटर होते. भोवती पाणी वरपर्यंत आलं तर तिला सव्वापाच टन वर ढकलतं, आणि टाकीचं स्वतःचं वजनही तेवढंच भरतं. म्हणजे ती जेमतेम बसून राहते. तयार प्लास्टिकची हलकी टाकी सरळ वर येते आणि जोडणीचा पाइप तुटतो. तळाची स्लॅब चारी बाजूंनी ३० सेंटिमीटर बाहेर काढा म्हणजे वरची माती तिला दाबून धरते. पावसाळ्यात टाकी कधीही पूर्ण उपसू नका.

---

चौदा_गुंठे

सगळ्यांचे आभार, घर ईशान्येला घेतो. दोन गोष्टी राहिल्या. खारभूमी खात्याकडून उघाडीचं दार बसवून घेतलं तर आतलं तिवर आपोआप मरेल, मग ती तिसरी रेषा जाईल का? आणि जागा रस्त्यापेक्षा दोन फूट खाली आहे, पूर्ण भराव टाकला तर चालेल का?

---

उघाडी

पहिल्याला ठाम नाही. बंधारा-उघाडीची दुरुस्ती खात्यानं शेती वाचवण्यासाठी आपल्या योजनेत करावी, पण तिवर मारण्यासाठी पाणी अडवणं म्हणजे कांदळवन नष्ट करणंच. उपग्रह चित्रात सालासकट दिसतं की २०१८ ला तिथे हिरवं होतं. झाडं गेली तरी रेषा जात नाही, वर पुन्हा लागवड करून द्यायचा आदेश येऊ शकतो. पर्यावरण संरक्षण अधिनियमाच्या कलम १५ खाली १ एप्रिल २०२४ पासून दंड १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत आहे. आणि ते तिवर उधाणाचा मार तुमच्या घराच्या आधी अंगावर घेतं, ते राहू द्या.

भराव फक्त घराच्या जोत्यापुरता, तिन्ही रेषांच्या बाहेर, आणि पाण्याची उतरती वाट न बुजवता. मागच्या ४७ मीटरमध्ये एक ट्रॉलीही नको. सगळ्यात जास्त तक्रारी भरावाच्याच होतात. जेसीबीवाला उरलेली माती मागे लोटतो आणि तलाठ्याचा पंचनामा मालकावर होतो. ठेकेदाराच्या करारात हे लिहून घ्या आणि काम सुरू व्हायच्या आधी २३ मीटरवर चिऱ्याचे खुंट पुरून दोरी बांधा, दक्षिणेला कंसाप्रमाणे वळवून.

आणखी एक: तिवराची रोपं पसरतात. वनखात्याच्या पाहणीत कडेचे जीपीएस बिंदू आणि पाहणीची तारीख नकाशावर लिहून घ्या. पाहणी आणि परवानगी यांत दोन पावसाळे गेले तर कड पुन्हा मोजावी लागेल, म्हणून मोजणीचा अर्ज, झोन दाखला आणि वनखात्याचं पत्र एकाच महिन्यात टाका.